दमेकऱ्याच्या घरात पाळीव पालीचे खाद्य: रातकिडे की सोल्जर माशीच्या अळ्या?

लातूरच्या एका कुटुंबापुढे पेच आहे: मुलाला दमा, आणि घरात लेपर्ड गेको ही कीटक खाणारी पाळीव पाल. अॅलर्जीमुक्त कीटक मुळात नसतोच. कोळंबीतले ट्रोपोमायोसिन हे प्रथिन कीटकांतही असते, त्यामुळे कोळंबी खाऊन ज्याच्या अंगावर पित्त उठते त्याने दोन्हींना हात लावू नये.

खरा फरक धुळीचा आहे. रातकिड्यांना रोज खाणे-पाणी लागते, आणि त्यांना लपायला डब्यात ठेवलेला, कोंबडीची अंडी येतात तसा पुठ्ठ्याचा ट्रे उचलताच वाळलेली विष्ठा व टाकलेल्या कातीचा भुगा हवेत उडतो. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या न खाताही काही दिवस टिकतात, म्हणून झाडलोट कमी. त्यांच्यात कॅल्शियम भरपूर असते; रातकिड्यांवर मात्र त्याची पावडर भुरभुरावी लागते, आणि तीही उडतेच. मराठवाड्याच्या चाळिशीपार उन्हाळ्यात अळ्या लवकर कोषात जातात, ही त्यांची उणी बाजू. डबा गारव्यालाच हवा. शिकारीचा व्यायाम घडवण्यात रातकिडा सरस.

घरात दमा असेल, तर मुख्य खाद्य अळ्या ठेवून अधूनमधून मोजकेच रातकिडे आणावेत. कोणालाच त्रास नसेल आणि हवेशीर गच्ची असेल, तर रातकिडे पाळायला हरकत नाही. डबा मात्र निरोगी माणसानेच मास्क लावून, घराबाहेर साफ करावा.