नेतृत्व शिकायचे कोठे : वर्गात की पाळीवर?

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीत नव्याने सुपरवायझर झालेल्यापुढे दोन वाटा असतात : मिहानमधील आयआयएमसारख्या (स्थापना २०१५) संस्थेचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम करणे, किंवा जुन्याजाणत्या फोरमनच्या हाताखाली घडणे. अभ्यासक्रमातून कामाची वाटणी आणि अभिप्राय यांची शिस्त मिळते, इतर कारखान्यांतील अडचणीही ऐकायला मिळतात. मात्र शुल्क आणि सुट्टी, दोन्ही जुळवावे लागतात.

फोरमनकडचे शिक्षण संथ, पण अंगवळणी पडणारे. पाळी बदलताना यंत्र बंद असले, तर चांगला फोरमन दोष न शोधता ऑपरेटरलाच यंत्राजवळ नेऊन ‘दादा, आवाज कधीपासून बदलला?’ असे विचारतो, त्याचे निरीक्षण नोंदवहीत त्याच्याच नावाने लिहितो आणि मे महिन्याच्या उन्हात, तापलेल्या पत्र्याच्या शेडखाली, दुरुस्ती होईपर्यंत स्वतः थांबतो. अशा माणसासाठी लोक जास्तीची पाळीही कुरकुर न करता करतात. अर्थात तोच खेकसणारा निघाला, तर शिकणाराही खेकसणेच उचलतो, आणि हा धोका लहान नाही.

माझ्या मते आधी वर्ष-दोन वर्षे पाळीवर काढावीत आणि मग अभ्यासक्रम करावा, कारण तेव्हा वर्गात विचारायला स्वतःचे प्रश्न असतात.