औसा रोडचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान : फॉरमॅट न मारता लग्नपत्रिका वाचवली

"ताई, सॉफ्टवेअर बंद करू नका. पत्रिका उघडीच राहू द्या. आधी मला सांगा, नेमकं काय दाखवायलंय?"

फोनवर या दुकानातल्या पोराचं पहिलं बोलणं हे होतं. त्याच्या अर्धा तास आधी दुसऱ्या एका दुकानाला फोन लावला होता. तिथल्या माणसाने काही न विचारता सांगितलं, "डिस्क गेली असंल, सीपीयू घेऊन या, फॉरमॅट मारावं लागंल, बाराशे होतील." मी वायरी काढायच्या बेतातच होते. काढल्या असत्या तर दिवसभराचं काम गेलं असतं. म्हणून हा रिव्ह्यू मनापासून लिहिते आहे.

मी लातूरला घरीच डिझाइनचं काम करते. लग्नपत्रिका, फ्लेक्स, बारशाची कार्डं. चौदा वर्षं झाली. फाइल तयार करून गंजगोलाईजवळच्या प्रेसला देते. त्या दिवशी सकाळी डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं अपडेट आलं, मी ते होऊ दिलं आणि कामाला बसले. औसा तालुक्यातल्या एका घरची पत्रिका होती. दुसऱ्या दिवशी अकराला छपाईची प्लेट निघायची होती.

पत्रिकेचं काम ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, वेळ नक्षीला लागत नाही, नावांना लागतो. मुलीचे दोन काका शेजारी खुर्च्या टाकून बसले होते. निमंत्रक, व्यवस्थापक, मामा मंडळी, समस्त गावकरी मंडळी, सगळी मिळून चौसष्ट नावं. कोणाच्या आधी ह.भ.प. लावायचं, माजी सरपंचांचं नाव वर की खाली, थोरल्या चुलत्याच्या आधी धाकट्याचं आलं तर मांडवात काय होईल. तीनदा क्रम बदलला. एक नाव तर त्यांनी गावाकडे फोन करून विचारून घातलं. या गडबडीत सेव्ह करायचं राहून गेलं. ते उठून गेले तेव्हा पाच वाजायला आठ मिनिटं होती. मी कंट्रोल एस दाबलं आणि समोर आलं : फाइल सापडत नाही, नाव तपासा.

सेव्ह करताना 'सापडत नाही' म्हणजे काय? नाव बदललं, तेच. फोल्डर बदललं, पण डॉक्युमेंट्समधलंच दुसरं. तेच. हात गार पडले. त्यात आमच्याकडे संध्याकाळी लाईटचा भरवसा नसतो आणि माझा यूपीएस वीस मिनिटांच्या वर टिकत नाही.

या पोराने फोनवरच विचारलं, कोणत्या फोल्डरमध्ये करायलाव? डॉक्युमेंट्स, म्हटलं. "तिथं नका करू. डी ड्राइव्हवर नवीन फोल्डर करा, साधं इंग्रजी नाव द्या आणि सेव्ह ॲज करून बगा." केलं. एका झटक्यात सेव्ह झालं. लगेच त्याची पीडीएफही काढून ठेवायला लावली आणि दोन्ही पेनड्राइव्हवर घ्यायला सांगितलं. मग म्हणाला, "आता लाईट गेली तरी चालतंय. मी सातला येतो."

सातला आला. आल्यावर त्याने नोटपॅड उघडलं, त्यात एकच 'अ' टाइप केला आणि ती फाइल त्याच डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये सेव्ह केली. झाली. मग माझ्या सॉफ्टवेअरमध्ये कोरं पान घेऊन तिथेच सेव्ह करून पाहिलं. झालं नाही. म्हणाला, "बगा ताई, डिस्क चांगली, फोल्डर चांगलं, तुमची पत्रिकाबी चांगली. तुमच्या सॉफ्टवेअरला इथं लिहायची परवानगी नाही, एवढंच." दोन मिनिटांत निदान. बाराशेच्या फॉरमॅटने हे कळलं नसतं.

नंतर विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन प्रोटेक्शन हिस्टरी दाखवली. तिथे माझ्या सॉफ्टवेअरच्या नावाने अडवल्याच्या नोंदी ओळीने होत्या, पहिली ४:५२ची. मी जितक्यांदा सेव्ह दाबलं तितक्यांदा नोंद. ते बघून जीव भांड्यात पडला, कारण माझ्या हातून काही बिघडलेलं नव्हतं.

कारण असं. विंडोज १० मध्ये २०१७ साली कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस नावाची सोय आली. खंडणी मागणारे व्हायरस, म्हणजे रॅन्समवेअर, फाइली कुलूपबंद करतात, त्यांना अडवण्यासाठी ती आहे. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांत भरवशाच्या किंवा यादीतल्या प्रोग्रामलाच काही बदलता येतं. वाचता सगळ्यांना येतं, म्हणून जुनी फाइल उघडताना मला काही कळलं नाही. ही सोय मुळात बंद असते. माझ्याकडे मागच्या वर्षी मीच चालू करून घेतली होती, कारण ओळखीच्या एका फोटो स्टुडिओच्या सगळ्या अल्बमच्या फाइली अशा गेल्या होत्या. तेव्हा माझं सॉफ्टवेअर यादीत घातलेलं होतं. पण यादीत नुसतं नाव चालत नाही, प्रोग्राम कुठल्या फोल्डरात आहे तो पूर्ण पत्ता लागतो. अपडेटने नवी आवृत्ती नव्या फोल्डरात बसवली, पत्ता बदलला, आणि विंडोजसाठी ते अनोळखी झालं.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. ती सोय सरळ बंद करून टाकणं सोपं होतं, कित्येकजण तेच करतात. याने बंद केली नाही. रॅन्समवेअर प्रोटेक्शनमध्ये जाऊन, परवानगीच्या यादीत नव्या फोल्डरातला प्रोग्राम घातला आणि जुना पत्ता काढला. मग सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं, कारण प्रोग्राम पुन्हा सुरू केल्यावरच परवानगी लागू होते. फोनवर बंद करू नका म्हणाला होता, आणि आता स्वतः बंद करताना आधी पेनड्राइव्हवरची फाइल उघडून, नावं मोजून घेतली. तेवढ्या काळजीची अपेक्षा मी माझ्या घरच्या माणसाकडूनच धरते.

जाता जाता विचारलं, प्रेसकडं कोणतं व्हर्जन हाय? मी विसरलेच होते. प्रेसवर जुनी आवृत्ती आहे आणि नव्या आवृत्तीतली फाइल तिथे उघडत नाही. सेव्ह ॲजमध्ये व्हर्जन खाली आणून, मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार करून, वेगळी प्रत काढली. सकाळी प्रेसवर ती उघडली, चौसष्ट नावं जागच्या जागी, आणि प्लेट वेळेत निघाली.

घरी येऊन काम केल्याचे ३५० रुपये घेतले. मी पाचशे देत होते, घेतले नाहीत.

उणं सांगायचं तर दुकान पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना अरुंद आहे, सीपीयू घेऊन चढणं बाईमाणसाला जड जातं. रविवारी फोन उचलत नाहीत. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. मला हिशेबाला लागतं, म्हणून दुसऱ्या दिवशी परत जाऊन आणावं लागलं.