आईच्या सिटिझनशिपसाठी दिलेले अठराशे डॉलर

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, ओक ट्री रोडवरच्या एका दुकानामागच्या खोलीत माझी आई दर रविवारी दोन तास बसायची. सोबत सात-आठ जणी, बहुतेक गुजराती, दोघी तेलुगू. अमेरिकन सिटिझनशिपच्या परीक्षेचा क्लास. चालवणारा माणूस मराठी, बोलायला गोड. पहिल्याच भेटीत म्हणाला, "मावशी, तुम्ही निवांत राहा, तुमचं काम झालंच समजा." त्या एका 'मावशी'वर विसंबून आम्ही अठराशे डॉलर दिले, तेही रोख. एडिसनमधल्या आणखी कुणाची आई त्या खोलीत जाऊन बसण्याआधी हे तिच्या मुलांपर्यंत पोचावं, म्हणून लिहिते आहे.

आई त्रेसष्ट वर्षांची, साताऱ्याकडे मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. २०१७ साली माझ्यामुळे तिला ग्रीन कार्ड मिळालं. दुकानातल्या पाट्या वाचते, पण इंग्रजीत बोलायचं म्हटलं की आवाजच फुटत नाही. माझा स्वतःचा एन-४००, म्हणजे सिटिझनशिपच्या अर्जाचा फॉर्म, मी एकटीने भरला होता. तिचा का नाही भरला? फार्मसीतल्या शिफ्ट, घर, मुलं. आणि हा आपलाच माणूस, आईशी मराठीत बोलतो, शिकवेलही, असं वाटलं.

त्याने पहिल्यांदा सांगितलं, "पंचावन्नच्या वर इंग्रजी माफ असतं." हे अर्धंच खरं. पंचावन्न वय आणि ग्रीन कार्डला पंधरा वर्षं, किंवा पन्नास वय आणि वीस वर्षं, असं दोन्ही जुळलं तरच इंग्रजीची सूट मिळते आणि दुभाषा घेऊन आपल्या भाषेत परीक्षा देता येते. आईच्या कार्डाला आठच वर्षं झाली होती. हे लक्षात आणून दिल्यावर तो म्हणाला, आणखी सहाशे द्या, डॉक्टरकडून विस्मरणाचं सर्टिफिकेट आणतो. तशी सवलत आहे, एन-६४८ नावाचा फॉर्म आहे, पण तो खरोखर आजारी किंवा अपंग माणसांसाठी आहे आणि त्याला सरकारी फी नाही. आई घरी येऊन इतकंच म्हणाली, "मला वेडी ठरवून कागद नको गं." त्याच दिवशी तिला तिथून काढायला हवं होतं. मी फक्त सर्टिफिकेटला नाही म्हटलं आणि क्लास चालू ठेवला.

क्लासमध्ये काय शिकवत होता? झेरॉक्सचा एक गठ्ठा, जुने शंभर प्रश्न, उत्तरं देवनागरीत लिहिलेली. ओळीने घोकायचं. आईचा अर्ज गेला नोव्हेंबर २०२५ मध्ये. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना नवी परीक्षा आहे: १२८ प्रश्नांतले २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. त्याला हे माहीत नव्हतं, की माहीत असून गठ्ठा बदलायचा नव्हता, देव जाणे. त्याहून वाईट म्हणजे, इंग्रजीत एक वाक्य वाचायचं असतं, एक लिहायचं असतं, आणि अधिकारी फॉर्ममधल्याच गोष्टी तोंडी विचारतो, हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. महिनोन्महिने त्या बायका इंग्रजीत एकही वाक्य बोलल्या नाहीत.

शंका आली ती पोस्टाने आलेल्या पोचपावतीमुळे. त्याने सरकारी फी बाराशे सांगितली होती. पावतीवर ७१० डॉलर. फॉर्मची प्रत मागितली तर तो टाळायला लागला. ऑनलाइन खातं आईच्या नावाचं, पण ईमेल आणि पासवर्ड त्याचा. इंटरव्ह्यूच्या दोन आठवडे आधी प्रत हातात आली आणि माझे पाय गळाले. २०२३ मध्ये वडिलांच्या शेवटच्या आजारपणात आई सलग सात महिने साताऱ्याला होती. सहा महिन्यांवर बाहेर राहिलं की अमेरिकेतल्या सलग वास्तव्यावर प्रश्न येतो, पुरावे द्यावे लागतात. ते टाळायला त्याने त्या एका मुक्कामाच्या साडेतीन-साडेतीन महिन्यांच्या दोन खेपा करून टाकल्या होत्या. फॉर्म भरून देणाऱ्याने जिथे नाव आणि सही द्यायची असते, तो रकाना कोरा. सही एकट्या आईची, सगळं खरं आहे अशा कबुलीखाली. म्हणजे खोटं त्याचं आणि जबाब आईचा.

मग एका सेवाभावी संस्थेत गेलो. इमिग्रेशनचा सल्ला कायद्याने फक्त वकील किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेले प्रतिनिधी देऊ शकतात, आणि त्या प्रतिनिधींची यादी न्याय खात्याच्या वेबसाइटवर उघडी आहे, हे तिथे कळलं. आमच्या माणसाचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. तिथल्या बाईंनी सांगितलं, इंटरव्ह्यू सुरू होताच स्वतःहून सांगा. आईने ते एकच वाक्य पंधरा दिवस घोकलं आणि म्हटलंही: माय फॉर्म हॅज अ मिस्टेक. अधिकाऱ्याने शांतपणे दुरुस्ती केली, त्या सात महिन्यांचे कागद मागितले. त्याच इंटरव्ह्यूत पुढे झालेल्या परीक्षेत मात्र आई नापास झाली. साठ ते नव्वद दिवसांत एकदाच आणखी संधी मिळते.

पैसे परत मिळालेले नाहीत. न्यू जर्सीच्या ग्राहक विभागाकडे तक्रार केली आहे. त्या खोलीतल्या तिघींच्या मुलांना मी स्वतः फोन केला, त्यातल्या दोघांकडे फॉर्मची प्रत नव्हती.

आई आता मंगळवारी आणि गुरुवारी पब्लिक लायब्ररीत जाते. क्लास फुकट आहे. शिकवणाऱ्या निवृत्त शिक्षिका आहेत, आई त्यांना 'बाई' म्हणते. शब्दांच्या याद्या आणि नवे प्रश्न सरकारी साइटवर फुकट मिळतात, पत्त्याच्या शेवटी .गव्ह असलेल्या. बाई तिला प्रश्न उलटसुलट विचारतात, बसने आलीस का, जेवलीस का, हेही इंग्रजीतच. वडिलांच्या दवाखान्याचे कागद, विमानाची तिकिटं, माझे टॅक्स रिटर्न पाठवले आहेत, उत्तर अजून आलेलं नाही. काल रात्री स्वयंपाकघरात तिने पाटी मागितली. नातीची मिळाली. तिच्यावर तिने 'सिटिझन्स कॅन व्होट' इंग्रजीत लिहिलं, पुसलं, परत लिहिलं.