मधुमेह आणि पाय: दाब घोट्याचा मोजावा की अंगठ्याचा?
पर्वती चढताना पोटरी भरून येते, थांबलं की सुटते. अशा वेळी पहिली तपासणी म्हणजे एबीआय (अँकल-ब्रेकियल इंडेक्स): घोट्याचा सिस्टॉलिक, म्हणजे वरचा, रक्तदाब भागिले दंडाचा. ०.९ च्या खाली आला तर धमन्या अरुंद. सोपी, स्वस्त तपासणी.

पण जुन्या मधुमेहात इथेच फसगत होते. धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, पट्ट्याने ती दबत नाही आणि ०.७ असायला हवा तो आकडा १.१ दिसतो, कधी १.४ च्याही वर. रिपोर्ट छान, पाय थंडगार!

अंगठ्याच्या बारीक धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत, म्हणून जखम असेल तर आमचा कौल तिथल्या दाबाला. तो ३० मिमी पाऱ्याच्या खाली असेल तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनला तातडीने दाखवावं. मोजताना पाय उबदार हवा, नाहीतर आकडा उगाच कमी येतो.