मोठ्या सामन्याच्या तयारीसाठी शॉट टायमर : चार महिन्यांच्या वापरानंतर

आयपीएससी या व्यावहारिक नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तिसऱ्या पातळीच्या सामन्यात नाव नोंदवल्यावर मी कमरेला अडकवता येणारा शॉट टायमर, म्हणजे सुरुवातीचा बीप वाजवून मायक्रोफोनने गोळ्यांची वेळ टिपणारे यंत्र, घेतला आणि चार महिने जवळपास रोज वापरला. पुढे एक तक्रार करायची असल्याने निर्मात्याचे नाव देत नाही.

सामन्यात ‘स्टँड बाय’ या आज्ञेनंतर १ ते ४ सेकंदांत केव्हाही सुरुवातीचा बीप वाजू शकतो, आणि ही अनिश्चितता हा टायमर उत्तम साधतो. मात्र त्याचा खरा उपयोग प्रत्येक फैरीची वेळ स्वतंत्रपणे दाखवण्यात आहे. बारा फैरींच्या एका सरावानंतर मी नोंदी मागे नेऊन पाहिल्या, तेव्हा पहिली गोळी १.४ सेकंदांवर होती, एकाच लक्ष्यावरील दोन फैरींत पाव सेकंदाचे अंतर होते आणि सहाव्या व सातव्या फैरीच्या मध्ये मात्र तब्बल २.९ सेकंद गेले होते. तेथे मी फक्त चार पावले चाललो होतो! मॅगझिन बदलण्याचा वेग वाढवण्यात घालवलेले आधीचे आठवडे चुकीच्या जागी खर्च झाले, हे त्या एका आकड्याने दाखवले.

ड्राय फायरच्या, म्हणजे गोळीविना ट्रिगर दाबण्याच्या सरावाच्या वेळी ट्रिगरचा आवाज मायक्रोफोनला ऐकू येत नाही, त्यामुळे तेथे ठरावीक वेळेनंतर वाजणाऱ्या दुसऱ्या बीपवरच भिस्त ठेवावी लागते. ही सोय जपून वापरावी, कारण दुसऱ्या बीपच्या आत ट्रिगर दाबल्याच्या समाधानात बंदुकीची साइट (नेम धरण्याची खूण) लक्ष्यावर स्थिरावली होती की नाही, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करणे आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवणे, हे वेगळे सांगायला नको.

टायमरला गुण कळत नाहीत, हे मोठ्या सामन्यात महागात पडते. ३२ फैरींच्या स्टेजमध्ये, म्हणजे सामन्याच्या एका टप्प्यात, १५० गुण २० सेकंदांत मिळवले तर हिट फॅक्टर (गुण भागिले सेकंद) ७.५ येतो, एक सेकंद वाचवून १४० गुणांवर आलात तर तो सुमारे ७.३७ वर घसरतो. म्हणून मी दर वेळी कागदावरील छिद्रे मोजल्याशिवाय वेळ पाहायची नाही, असा नियम केला, आणि तो पाळणे अपेक्षेपेक्षा अवघड गेले.

तक्रार अशी की, मायक्रोफोनची संवेदनशीलता कमी केल्यावरही रेंजवरील शेजारच्या बेमधल्या (कप्प्यातल्या) फैरी मधूनच नोंदवल्या जातात, मग एकूण वेळेत न झाडलेल्या गोळ्यांची भर पडते. कमरेच्या क्लिपची स्प्रिंग तिसऱ्या महिन्यात ढिली पडली. उन्हात पडद्यावरील आकडे वाचायला हाताची सावली करावी लागते, तेही पावले टाकून धापा टाकत असताना.

सामन्यात अर्थात रेंज ऑफिसरचाच, म्हणजे स्टेज चालवणाऱ्या पंचाचाच, टायमर ग्राह्य असतो आणि आपला पिशवीत राहतो. पहिल्या स्टेजवर मला याचा फटका बसला : माझ्या कानाला स्वतःच्या कमरेवरच्या, एकाच पट्टीतल्या बीपची सवय होती, तर तेथला आवाज मागून आणि जाड स्वरात आला, आणि हात होल्स्टरकडे उशिरा गेला. हल्ली सराव करताना टायमर मी सोबत्याच्या हातात देतो आणि त्याला माझ्या मागे उभे राहायला सांगतो.