थायलंडचा निवृत्ती व्हिसा: ‘ओ-ए’ घ्यावा की ‘ओ’?

निवृत्तीनंतर वर्षातील बराच काळ थायलंडमध्ये काढावा असे ज्यांनी ठरवले आहे, त्यांना पन्नाशीची अट, बँकेत आठ लाख बाट (थाई चलन) दाखवण्याची अट आणि दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवण्याचा सोपस्कार ठाऊक असणारच, म्हणून त्यांत मी शिरत नाही. दहा वर्षांचा ‘ओ-एक्स’ व्हिसा ठरावीक चौदा देशांच्या नागरिकांसाठी आहे आणि त्या यादीत भारत नाही. ‘एलटीआर’ (दीर्घकालीन रहिवासी) व्हिसाच्या निवृत्तांच्या गटासाठी साधारणपणे वर्षाला ८०,००० डॉलरचे उत्पन्न लागते, तेव्हा तोही बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचा. उरतात ‘नॉन-इमिग्रंट ओ-ए’ आणि ‘नॉन-इमिग्रंट ओ’. नावांत एका अक्षराचा फरक असला तरी दोन्ही वाटा बऱ्याच वेगळ्या आहेत. मी दुसरी धरली. ती सर्वांना सोयीची ठरेल असे नाही, पण साठी ओलांडलेल्या आणि रक्तदाबाची गोळी सुरू असलेल्या माणसाने पहिलीकडे वळण्यापूर्वी थोडे थांबावे, असे मला वाटते.

‘ओ-ए’ची जमेची बाजू मोठी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. अर्ज भारतातून करता येतो. १ जानेवारी २०२५ पासून भारतीयांसाठी ई-व्हिसा सुरू झाल्याने तो ऑनलाइनच भरायचा असतो, आणि मुख्य म्हणजे आठ लाख बाटांएवढी रक्कम आपल्या इथल्याच बँकेत दाखवता येते. पैसा हलवावा लागत नाही. पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळणारा पोलिसांचा दाखला आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र ही कामे वेळखाऊ असली तरी होऊन जातात. व्हिसा बहुप्रवेशी असतो, त्यामुळे पहिल्या वर्षी लग्नकार्यासाठी मायदेशी फेरी मारायची झाल्यास वेगळी परवानगी काढावी लागत नाही.

‘ओ’साठी मात्र वीस लाखांहून अधिक रुपये थाई बँकेत नेऊन ठेवावे लागतात, आणि ही गोष्ट कोणत्याही काटकसरी माणसाला खुपणारी आहे. दरमहा ६५,००० बाट उत्पन्न दाखवण्याचा पर्याय आहे, परंतु दीड लाख रुपयांच्या वर निवृत्तिवेतन घेणारे आपल्यात थोडेच. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (निवासी व्यक्तींनी परदेशी पैसे पाठवण्याच्या) योजनेखाली रक्कम पाठवताना आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वरच्या भागावर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर) कापला जातो. विवरणपत्र भरताना त्याचे श्रेय मिळते हे खरे, पण तोवर पैसे अडकून पडतात. मी निम्मी रक्कम मार्चअखेरीस आणि निम्मी एप्रिलमध्ये पाठवली, म्हणजे दोन आर्थिक वर्षांची मर्यादा वापरता आली आणि कापला गेलेला टीसीएस किरकोळ राहिला. निवासी भारतीयाने परदेशी पाठवलेली रक्कम न गुंतवता पडून राहिल्यास ती १८० दिवसांत परत आणावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. आपले निवासी-अनिवासी स्थान काय ठरते आणि मुदत ठेव करावी का, हे आपल्या सीएला आधीच विचारून घेतलेले बरे. याशिवाय पर्यटक म्हणून आलेल्याला खाते उघडून देण्यास थाई बँका कुरकुरतात. एका शाखेने नकार दिला तर दुसऱ्या शाखेत जावे, एवढेच मी अनुभवावरून सांगू शकतो.

इथवर वाचणाऱ्याला ‘ओ-ए’च बरा वाटेल. मलाही वाटत होता, आणि त्याच्याच तयारीला मी लागलो होतो. पारडे फिरवले ते विम्याच्या एका पानाने.

३१ ऑक्टोबर २०१९ पासून ‘ओ-ए’ला आरोग्यविमा सक्तीचा झाला. तेव्हा बाह्यरुग्ण उपचारांसाठी ४०,००० आणि रुग्णालयात दाखल होण्यासाठी ४,००,००० बाट एवढे संरक्षण पुरत असे. २०२१ मध्ये ती अट एकदम ३० लाख बाट, म्हणजे एक लाख डॉलरवर गेली. रक्कम केवढीही असो, खरी अडचण रकमेची नाही. परदेशी कंपनीचा विमा असेल तर नुसती पॉलिसी चालत नाही. थाई अधिकाऱ्यांनी ठरवून दिलेल्या नमुन्यातील प्रमाणपत्रावर त्या कंपनीच्या अधिकृत व्यक्तीची सही आणि शिक्का लागतो. विमेदाराचे नाव, मुदतीच्या तारखा आणि थायलंडमध्ये ठरलेल्या रकमेचे संरक्षण मिळेल याची हमी, एवढाच त्यातला मजकूर. आता आपल्याकडच्या नेहमीच्या मेडिक्लेम पॉलिसीचे वगळलेल्या बाबींचे पान उघडून पाहावे. भारताबाहेरील उपचार बहुधा तिथेच सापडतील. प्रवास विमा परदेशात चालतो, परंतु एका प्रवासासाठी तो सहसा १८० दिवसांच्या पुढे जात नाही, आणि व्हिसा मागतो वर्षभराचा.

जगभर चालणारी एक महागडी पॉलिसी माझ्याकडे होती, तेव्हा सही मिळायला हरकत नसावी असा माझा समज होता. कंपनीच्या शाखेत तो कागद मी गणेशोत्सवात दिला. शाखेने तो विभागीय कार्यालयाकडे पाठवला, तिथून तो कायदा विभागाकडे गेला, आणि दिवाळीचा फराळ संपला तरी उत्तर एकच होते: आमच्या नमुन्याबाहेर आम्ही सही करत नाही, हवे तर पॉलिसीची प्रत पुन्हा मेल करतो. समोरची मुलगी अदबीने बोलत होती आणि तिचा त्यात काही दोषही नव्हता. तिच्या संगणकात अशा कागदासाठी रकानाच नव्हता. इतरांना अधिक सहकार्य करणारी कंपनी मिळालीही असेल.

दुसरा मार्ग थाई कंपनीकडून विमा घेण्याचा. थाई जनरल इन्शुरन्स असोसिएशनच्या संकेतस्थळावर मान्य कंपन्यांची यादी मिळते आणि सहीचा प्रश्न मिटतो. मात्र तिथे वयाप्रमाणे हप्ता चढत जातो, सत्तरीच्या आसपासच्या नव्या ग्राहकाला घ्यायला कंपन्या नाखूश असतात, आणि आधीपासूनचे आजार सहसा वगळले जातात. म्हणजे ज्या मधुमेहाची किंवा रक्तदाबाची आपल्याला खरी धास्ती, तेवढा सोडून उरलेल्या शरीराचा विमा उतरवायचा आणि त्याचे पैसे व्हिसाच्या अटीपायी मोजायचे.

त्यातही हे एकदाच करून सुटका नाही, आणि माझ्या मते ‘ओ-ए’विरुद्धचा सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे. विम्याची मुदत आधी संपत असेल तर मुक्कामाचा शिक्काही त्याच तारखेपर्यंतचा मिळतो. पुढे थायलंडमध्येच वर्षावर्षाची मुदतवाढ घेत राहिले, तरी मूळ प्रवेश ‘ओ-ए’वर झालेला असल्यामुळे विम्याची अट प्रत्येक मुदतवाढीला मागे लागते. पैसे भारतात ठेवण्याची सवलतही पहिल्या वर्षापुरतीच, कारण मुदतवाढीच्या वेळी रक्कम थाई बँकेतच असावी लागते. माझ्या परिचयाचे ठाण्याचे एक गृहस्थ वय वाढल्यावर या हप्त्यांना इतके कंटाळले, की मुदत संपू देऊन देशाबाहेर पडले आणि परत येऊन ‘ओ’चा अर्ज केला.

‘ओ’ची प्रक्रिया तुलनेने रुक्ष, पण आटोपशीर आहे. प्रवेशाच्या सवलती अधूनमधून बदलतात, म्हणून मी रीतसर पर्यटक व्हिसा घेऊन गेलो. मुक्कामाचे निदान पंधरा दिवस शिल्लक असताना इमिग्रेशन कचेरीत अर्ज करायचा, २,००० बाट भरायचे, आणि मंजुरी मिळाली की नव्वद दिवस मिळतात. त्यांच्या अखेरीस १,९०० बाटांत एक वर्षाची मुदतवाढ. त्यासाठी आठ लाख बाट अर्जापूर्वी दोन महिने खात्यात असावे लागतात आणि मंजुरीनंतर तीन महिने तिथेच राहावे लागतात. पुढे शिल्लक चार लाखांखाली जाता कामा नये. बँकेचे पत्र ताजे लागते आणि पासबुकात त्याच दिवशीची नोंद दिसावी लागते. त्याकरिता सकाळी शंभरेक बाट काढून किंवा भरून यायचे आणि मग पासबुकाच्या प्रत्येक पानाच्या छायाप्रतीवर निळ्या शाईने सही करत बसायचे. कंटाळवाणे आहे, पण यातला प्रत्येक कागद मिळवणे माझ्या स्वतःच्या हातात आहे. कुणा कायदा विभागाच्या मर्जीवर तो अडत नाही. मुदतवाढ मिळाल्यावर भारतात येण्यापूर्वी पुनःप्रवेशाचा परवाना मात्र न विसरता घ्यावा, एका फेरीचा १,००० आणि अनेक फेऱ्यांचा ३,८०० बाट. तो न घेता देश सोडला तर मुदतवाढ रद्द होते.

सक्ती नाही म्हणून विमाच नको, असा याचा अर्थ कृपया कोणी घेऊ नये. तिथली खासगी रुग्णालये चांगली असली तरी स्वस्त नाहीत. मी रुग्णालयात दाखल होण्यापुरताच विमा घेतला आहे. पहिला मोठा हिस्सा मी भरायचा आणि त्यावरचा कंपनीने, या बोलीवर हप्ता बराच उतरला. रक्तदाब इथेही वगळलेलाच आहे, म्हणून त्याची नियमित तपासणी पुण्याच्या फेरीत करून घेतो आणि त्या खर्चासाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवतो. ही मांडणी ‘ओ-ए’च्या चौकटीत बसली नसती.

तरीही ज्यांचे वय पन्नास-पंचावन्न आहे, प्रकृती निरोगी आहे, आणि एखादेच वर्ष राहून पाहायचे आहे, त्यांनी थाई कंपनीचा विमा घेऊन ‘ओ-ए’ काढावा; एवढा पैसा परदेशी हलवण्याचा खटाटोप त्यांना परवडणारा नाही. परदेशातील नोकरीमुळे आंतरराष्ट्रीय कंपनीचा विमा ज्यांच्याकडे आहे, त्यांनाही हाच मार्ग कदाचित सोपा जाईल. फक्त पोलिसांच्या दाखल्यासाठी धावपळ करण्याआधी तो एक पानाचा नमुना विमा कंपनीकडे पाठवावा आणि सही करू असे लेखी उत्तर मिळेपर्यंत दुसऱ्या कुठल्याच कागदावर खर्च करू नये.