मिसकॅरेजचा टक्का सांगणारं कॅल्क्युलेटर : पाचपैकी अडीच स्टार

पट्टीवर दोन रेघा उमटल्या की पुष्कळजणी त्याच रात्री फोनवर हे उघडून बसतात. वय, उंची, वजन, शेवटच्या पाळीची तारीख, आधीची बाळंतपणं आणि आधीची मिसकॅरेजं एवढं भरायचं, की उत्तर हजर : मिसकॅरेजची शक्यता १२.४ टक्के. उद्या तेच १२.१. (मराठीत ‘गर्भपात’ म्हटलं की करवून घेतलेला आणि आपोआप झालेला असे दोन्ही आले, म्हणून इथे सरळ मिसकॅरेजच म्हणू.) संकेतस्थळांवर आणि गरोदरपणाच्या अ‍ॅपमध्ये अशी कॅल्क्युलेटरं बरीच आहेत. आतलं गणित थोड्याफार फरकाने सारखंच असतं, म्हणून हे परीक्षण त्या सगळ्या जातीचं.

त्यातला वयाचा रकाना भक्कम आहे. नॉर्वेमध्ये २००९ ते २०१३ या काळातल्या ४ लाख २१ हजार गरोदरपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २५ ते २९ या वयात मिसकॅरेजचं प्रमाण सर्वांत कमी, १० टक्के. तिशीनंतर ते झपाट्याने चढत जातं आणि ४५ व त्यापुढे ५३ टक्क्यांवर पोचतं. कारण स्त्रीबीजात आहे. वय वाढतं तसं बीज तयार होताना गुणसूत्रांची वाटणी चुकण्याचं प्रमाण वाढतं, आणि पहिल्या तीन महिन्यांतल्या निदान निम्म्या मिसकॅरेजांमागे हीच चूक असते. जिना चढलात, स्कूटरवर बसलात किंवा घरात भांडण झालं, याचा त्या वाटणीशी काही संबंध नाही. कॅल्क्युलेटर हे रकाने विचारत नाही, हे त्याचं शहाणपणच म्हणायचं.

घोळ पुढे सुरू होतो. त्याच नोंदींनुसार आधी एकदा मिसकॅरेज झालं असेल तर धोका १.५४ पट, लागोपाठ दोनदा झालं असेल तर २.२१ पट आणि तीनदा झालं असेल तर ३.९७ पट. पण हे ‘पट’ टक्क्यांचे नाहीत, झालं विरुद्ध न झालं या गुणोत्तराचे आहेत. १० टक्के म्हणजे १० विरुद्ध ९०. त्याला १.५४ ने गुणलं तर १५.४ विरुद्ध ९०, म्हणजे साधारण १४.६ टक्के. टक्क्यालाच थेट गुणलं असतं तर १५.४ आले असते. इथे फरक किरकोळ वाटतो. आता वय ४५ आणि आधीची मिसकॅरेजं दोन घ्या. बरोबर पद्धतीने सुमारे ७१ टक्के येतात. थेट गुणाकाराने येतात ११७! असा आकडा दाखवता येत नाही म्हणून काही ठिकाणी तो ९५ किंवा ९९ वर अडवून ठेवतात. तेव्हा कॅल्क्युलेटर वापरण्याआधी ही जोडी त्यात भरून बघा. उत्तर नव्वदीच्या वर चिकटलेलं दिसलं तर ते पान बंद करा, बाकीचे आकडेही त्याच गिरणीतून आलेले असणार.

दुसरी गडबड तारखेची. कॅल्क्युलेटर पाळीचं चक्र २८ दिवसांचं धरतं. ज्यांची पाळी ३५ दिवसांनी येते त्यांचं बीज साधारण आठवडाभर उशिरा सुटतं, म्हणजे फोन सात आठवडे म्हणतो तेव्हा गर्भ सहाचाच असतो. मग सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत की घाबरगुंडी उडते. एका सोनोग्राफीवर ‘गर्भ थांबला’ असं म्हणायचे निकष मुद्दाम कडक ठेवलेले आहेत : गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असून ठोके नाहीत, किंवा पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा जास्त असून आत गर्भच नाही. माप याच्या आत असेल तर सात ते चौदा दिवसांनी पुन्हा बघायचं. चक्राची लांबी न विचारणाऱ्या कॅल्क्युलेटरचा इथेच एक स्टार गेला.

सगळ्यात फसवा मात्र तो रोज उतरणारा आकडा. गर्भाची वाढ थांबल्यावर अंगावरून जायला कित्येकदा दिवस, तर कधी आठवडे लागतात. तोपर्यंत मळमळही असते, पट्टीवर दोन रेघाही येतात. फोनला यातलं काही कळत नाही, तो कॅलेंडर बघून टक्के उतरवत राहतो. आज ९, उद्या ८.७. हा समूहाचा सरासरी उतार आहे, तुमच्या पोटातली बातमी नव्हे, आणि असं स्क्रीनवर कुठे ठळक लिहिलेलं दिसत नाही. दशांश चिन्हापुढचा आकडा तर निव्वळ शोभेचा.

खरी बातमी ठोके दिसले की मिळते. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात रक्तस्राव वगैरे कोणतीही लक्षणं नसलेल्या ६९७ स्त्रियांकडे बघितलं होतं. सहाव्या आठवड्यात ठोके दिसल्यानंतर मिसकॅरेजचं प्रमाण ९.४ टक्के निघालं, आठव्यात दिसल्यानंतर १.५ आणि नवव्यात ०.५. म्हणून सोनोग्राफीचा निकाल भरायला जागा देणारं कॅल्क्युलेटर इतरांपेक्षा बरंच वरचं. ती जागा नसेल तर ठोके दिसल्या दिवसापासून त्याची गरज संपली.

न विचारलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे. ताब्यात नसलेला मधुमेह, थायरॉइड, अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम (रक्ताच्या गुठळ्या होण्याचा एक आजार), गर्भाशयातला पडदा, धूम्रपान, दारू. पुरुषाचं वय चाळिशीपुढे असलं तरी धोका वाढतो, पण त्याचा रकाना क्वचितच सापडतो. यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे, उंची आणि वयावर नाही. हे उलटंच झालं.

‘धोका कमी करा’ असं बटण असेल तर तिथला मजकूर जपून वाचावा. झोपून राहिल्याने मिसकॅरेज टळतं याला पुरावा नाही. फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावंच, पण ते बाळाच्या मज्जारज्जूच्या दोषांसाठी. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाबद्दल सरसकट ‘घ्या’ लिहिलेलं असेल तर ते चूक. २०१९ च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत, ४,१५३ स्त्रियांमध्ये, सगळ्यांचा मिळून फायदा ठाम म्हणण्याइतका दिसला नाही : बाळ जिवंत जन्मण्याचं प्रमाण प्रोजेस्टेरॉन घेतलेल्यांत ७५ टक्के, औषध नसलेली गोळी घेतलेल्यांत ७२. आधी मिसकॅरेज झालेलं आणि आताही अंगावरून जातंय, अशांना मात्र उपयोग दिसला. म्हणून तिथल्या २०२१ च्या मार्गदर्शनात नेमक्या याच गटाला ४०० मिलिग्रॅमची योनीमार्गातली गोळी दिवसातून दोनदा सुचवली आहे. ती डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच घ्यायची.

वापरायचंच असेल तर एकदा भरा, आकडा पूर्णांकात वाचा आणि रोजची सूचना बंद करून टाका. डाग लागले तर कॅल्क्युलेटर पुन्हा उघडू नका, त्यात डागांचा रकाना नसतो. सुरुवातीच्या महिन्यांत साधारण चौघींत एकीला डाग लागतात आणि त्यातल्या बहुतेकींचं गरोदरपण पुढे जातं, तरी डॉक्टरांना कळवावंच. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही सांगावं, आईचं शरीर बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं बनवू नये म्हणून दिलं जाणारं अँटी-डी इंजेक्शन लागेल का ते डॉक्टर बघतील. तासाला दोन पॅड भिजतायत आणि सलग दोन तास तसंच चाललंय, ताप आहे, पोटात एकाच बाजूला कळ येतेय, खांदा दुखतोय किंवा चक्कर येतेय, तर फोन फक्त दवाखान्यात कळवण्यापुरता हातात घ्या. एका बाजूची कळ आणि खांदा म्हणजे गर्भ नळीत राहिल्याची शक्यता, आणि त्याचा टक्का यातल्या कुठल्याच कॅल्क्युलेटरला काढता येत नाही.